स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातला फॉस्फरस: एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रात) तो जिवाणूंकडून कसा काढून घ्यायचा

पावसाळा ओसरला की खान्देशातल्या बहुतेक नद्यांना स्वतःचं पाणी फारसं उरत नाही. धुळ्यातून जाणारी पांझरा, अमळनेरची बोरी, बंधाऱ्या-बंधाऱ्यांत अडलेली गिरणा, यांच्या पात्रात उन्हाळ्याकडे जाताना जे साचतं त्यात शहरांच्या गटारींचा वाटा मोठा असतो. त्यावर जलपर्णी पसरते. पालिका मजूर आणि जेसीबी लावून ती काढते आणि थोड्याच आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवं होतं. जलपर्णी काढली तरी तिचं खत पाण्यातच राहतं, आणि मागून ते रोज येतही असतं.

या खतात नायट्रोजन आणि फॉस्फरस हे दोन मुख्य घटक. गोड्या पाण्यात बहुतेक वेळा फॉस्फरसच निर्णायक ठरतो, कारण काही नील-हरित शेवाळांना नायट्रोजन हवेतून घेता येतो, फॉस्फरस मात्र हवेत नसतोच. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यावर डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. तळ्याच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस फक्त एकीकडे. फॉस्फरसचा भाग शेवाळानं हिरवागार झाला, दुसरा नितळ राहिला.

साठलेल्या पाण्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असला तरी शेवाळाला तो पुरतो. शहराच्या सांडपाण्यात तो ५ ते ८ मिलिग्रॅम असतो. माणूस रोज एक ग्रॅमहून जास्त फॉस्फरस बाहेर टाकतो, त्यातला निम्म्याहून अधिक लघवीतून. बाकीच्यात स्वयंपाकघरातलं खरकटं येतं आणि काही प्रमाणात धुण्याची पावडर. एका छोट्या शहराच्या एसटीपीवर ऑपरेटरभाऊंनी मला बीकर उजेडासमोर धरून विचारलं होतं, "भाऊ, पानी तं चांगलं शे, मंग रिपोर्ट नापास कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे. विरघळलेल्या फॉस्फेटला रंग नाही, वास नाही. पाणी काचेसारखं असतानाही त्यात तळं हिरवं करण्याइतका फॉस्फरस असू शकतो.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत एसटीपीसाठी फॉस्फरसची मर्यादाच नव्हती. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ च्या आदेशात निकष कडक केले आणि त्यात एकूण फॉस्फरस लिटरला १ मिलिग्रॅमवर आणला. जुन्या पद्धतीनं, म्हणजे फक्त बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती हे सांगणारा आकडा) उतरवण्यासाठी चालवलेल्या संयंत्राला हे जमत नाही.

का जमत नाही, ते हिशोबानं पाहू. समजा रोज १ कोटी लिटर, म्हणजे १० एमएलडी सांडपाणी येतं आणि त्यात लिटरला ६ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. म्हणजे रोज ६० किलो आत आला. बाहेर १ मिलिग्रॅमची मुभा, म्हणजे १० किलो. उरलेले ५० किलो गेले पाहिजेत. पण जाणार कुठे? सेंद्रिय घाण जळून तिचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनचा वायू होऊन हवेत जातो. फॉस्फरसचा असा वायू एसटीपीत होत नाही. त्याला बाहेर पडायला दोनच वाटा: प्रक्रिया केलेलं पाणी, नाहीतर गाळ. या आकाराच्या संयंत्रातून रोज साधारण १२०० किलो सुका गाळ निघतो असं धरा. साध्या गाळात वजनाच्या दीड-दोन टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे फार तर २४ किलो गेला. पन्नास किलो काढायचे तर गाळात चार टक्क्यांहून अधिक फॉस्फरस भरला गेला पाहिजे. गरजेपेक्षा जास्त फॉस्फरस पोटात साठवणारे जिवाणू असतात आणि ही सगळी पद्धत त्यांच्यावर उभी आहे.

गहाण टाकलेलं सोनं

या जिवाणूंपैकी सर्वाधिक अभ्यासलेल्या गटाचं नाव अ‍ॅक्युम्युलिबॅक्टर. त्यांच्या पेशीत फॉस्फेटच्या लांब साखळ्या साठवलेल्या असतात आणि त्या साखळ्या तुटल्या की ऊर्जा मिळते.

त्यांचा व्यवहार आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो, तेव्हा घरातलं सोनं गहाण पडतं आणि बी-बियाणं घरात येतं. कापूस विकला की सोनं सोडवलं जातं, आणि वर्ष चांगलं गेलं तर दोन तोळे जास्तच घेतले जातात. पहिल्या, हवा नसलेल्या टाकीत हे जिवाणू फॉस्फेटच्या साखळ्या मोडतात, फॉस्फेट पाण्यात सोडतात आणि त्या ऊर्जेवर सांडपाण्यातली अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक यांसारखी हलकी आम्लं ओढून घेऊन चरबीसारख्या रूपात साठवतात. त्याच वेळी इतर बहुसंख्य जिवाणू ऑक्सिजन नाही म्हणून हात बांधून बसलेले असतात. पुढच्या टाकीत ब्लोअरची हवा मिळते. आता हे साठवलेलं अन्न जाळतात आणि सोडलेला फॉस्फेट परत घेतात, वर नव्यानं आलेलाही घेतात. त्यांनी भरलेल्या गाळाचा ठरलेला हिस्सा आपण रोज बाहेर काढायचा.

म्हणूनच या संयंत्रात एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. फॉस्फरस काढायचा आहे, पण पहिल्या टाकीच्या शेवटी तो वाढलेला हवा. आत येताना ६ असेल तर तिथे २०, ३० मिलिग्रॅम दिसणं हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण.

या शोधाची सुरुवात भारतात झाली हे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आवर्जून सांगायला हवं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांनी १९५९ साली नोंदवलं की भरपूर हवा दिलेला सक्रिय गाळ, म्हणजे जिवंत जिवाणूंचा गाळ, सांडपाण्यातला फॉस्फरस झपाट्यानं ओढून घेतो. अमेरिकेत लेव्हिन आणि शॅपिरो यांनी १९६५ मध्ये हा जीवशास्त्रीय व्यवहार असल्याचं मांडलं. सत्तरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी आधी हवेविना टाकी आणि मग हवेची टाकी हा क्रम पक्का केला. त्या कामासाठी त्यांना २०११ चा ली कुआन यू जल पुरस्कार मिळाला.

पहिल्या टाकीत हवा नको म्हणजे अजिबात नको

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

'हवा नाही' याचा अर्थ ब्लोअरची लाइन जोडलेली नाही एवढाच नव्हे. परतीचा गाळ, म्हणजे शेवटच्या निवळण्याच्या टाकीतून पुन्हा सुरुवातीला आणलेला जिवाणूंचा गाळ, उंचावरून धबधब्यासारखा पडत असेल तर तो हवा घेऊन येतो. मिक्सर इतका जोरात फिरत असेल की मधे भोवरा पडतो, तर तोही हवा ओढतो. मिक्सरचं काम गाळ तरंगत ठेवण्यापुरतं. पाण्याचा पृष्ठभाग जवळजवळ शांत दिसला पाहिजे.

त्याहून फसवा शत्रू म्हणजे नायट्रेट. हवेच्या टाकीत अमोनियाचं नायट्रेट होतं आणि ते परतीच्या गाळाबरोबर पहिल्या टाकीत येतं. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मोजणारा मीटर शून्य दाखवतो, ऑपरेटर निश्चिंत होतो. पण नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर दुसरे जिवाणू श्वास घेतात आणि हलकी आम्लं आधीच फस्त करतात. एक मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन साधारण पाच-सहा मिलिग्रॅम सहज पचणारं अन्न खातं. एक मिलिग्रॅम फॉस्फरस काढायला असं अन्न दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं. आता परतीचा गाळ येणाऱ्या पाण्याइतकाच असेल आणि त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन असेल, तर पंचवीस-तीस मिलिग्रॅम अन्न गेलं. म्हणजे लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम फॉस्फरस काढण्याची ताकद आत शिरतानाच संपली.

यावर इलाज आहेत आणि त्यातले काही फुकटचे आहेत. परतीचा पंप सवयीनं पूर्ण वेगानं चालवला जातो, तो क्लॅरिफायरला (गाळ खाली बसवणाऱ्या शेवटच्या टाकीला) लागतो तेवढाच चालवावा. हवेच्या टाकीत डीओ ३-४ ठेवण्याची गरज नसते, दीड-दोनच्या आसपास काम होतं, विजेचं बिलही उतरतं. जिथे टाक्या बांधतानाच विचार झालाय तिथे मधे एक नायट्रेट मोडणारी टाकी असते. काही रचनांत परतीचा गाळ आधी त्या टाकीत जातो, तिथे नायट्रेट संपतं आणि मगच तिथला द्रव पहिल्या टाकीकडे येतो.

आपल्याकडच्या अनेक नव्या संयंत्रांत एसबीआर पद्धत आहे, म्हणजे एकाच बेसिनमध्ये आळीपाळीनं भरणं, हवा देणं, निवळणं आणि वरचं पाणी काढणं. तिथे टाक्यांऐवजी वेळेचे टप्पे. मागच्या फेरीचं नायट्रेट तळाशी उरतं, म्हणून नवं पाणी घ्यायच्या आधी किंवा घेताना काही वेळ हवा बंद ठेवून फक्त ढवळणं लागतं. पीएलसीमधला (संयंत्राच्या वेळा सांभाळणाऱ्या स्वयंचलित नियंत्रकातला) हा कालावधी बसवणाऱ्यानं एकदा टाकला आणि पुढे कुणी हात लावला नाही, असं होऊ देऊ नये. पाण्याचा कस बदलला की हा कालावधीही बदलला पाहिजे. साधारणपणे हवेविना टप्पा अर्ध्या ते दीड तासाचा पुरतो.

उलट बाजूनं, जास्त हवाही नडते. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या शैक्षणिक किंवा औद्योगिक वसाहतीतून पाणी कमी येतं आणि ब्लोअर मात्र तेवढेच चालू राहतात. जिवाणूंनी साठवलेलं अन्न जळून संपतं. सुट्टी संपून भार आला की फॉस्फेट परत उचलायला त्यांच्याकडे इंधनच नसतं आणि काही दिवस बाहेरचा आकडा चढलेला राहतो. भार कमी, तर हवा कमी.

सेप्टिक टँक, पावसाचं पाणी आणि मळीचा मोह

जिवाणूंना हलकी आम्लं हवीत. सांडपाण्यात बीओडी फॉस्फरसच्या निदान वीस-पंचवीस पट असला तर काम जमतं. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतली गणितं इथे थेट लागत नाहीत याचं एक कारण आपले सेप्टिक टँक. आपल्या शहरांत कित्येक घरांचं मैलापाणी आधी घरच्या सेप्टिक टँकमध्ये मुरतं आणि वरचं पाणी गटारीत येतं. बीओडीचा मोठा हिस्सा तिथेच बसतो, फॉस्फरस मात्र बराचसा पुढे येतो. एसटीपीच्या दारात पोचणारं पाणी पातळ, पण फॉस्फरस पुरेपूर. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गटारीत शिरतं तेव्हा ते आणखी पातळ होतं, शिवाय विरघळलेला ऑक्सिजन घेऊन येतं.

अशा वेळी कुणीतरी मळी ओतायचं सुचवतं. साखर कारखाना जवळ असला तर तो मोह समजण्यासारखा आहे. पण थेट साखरेवर बऱ्याचदा भलतेच जिवाणू पोसले जातात, ज्यांच्याबद्दल पुढे येतंच आहे. त्यापेक्षा गाळाचा एक छोटा हिस्सा वेगळ्या टाकीत एक-दोन दिवस आंबवून त्यातली आम्लं पहिल्या टाकीत सोडणं जास्त भरवशाचं. आपल्याकडच्या उकाड्यात आंबणं लवकर होतं, लांब गटारींमध्येही ते थोडंफार होतच असतं. उन्हाचा एवढा एक फायदा.

मे महिन्यातलं पाणी

आणि आता उन्हाचा तोटा. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसकडे जातो आणि सांडपाण्याचं तापमान तिशी ओलांडतं. गरम पाण्यात फॉस्फरस साठवणाऱ्यांचे प्रतिस्पर्धी जोर धरतात. कॉम्पेटिबॅक्टर हे त्यांतलं एक नाव. हेही हवेविना टाकीत तीच आम्लं खातात, पण त्यांची ऊर्जा ग्लायकोजेनमधून येते. ते फॉस्फेट सोडत नाहीत आणि नंतर जास्तीचा घेतही नाहीत. अन्न संपतं, काम शून्य.

म्हणून बराच काळ असं मानलं जायचं की उष्ण प्रदेशात ही पद्धत चालणारच नाही. सिंगापूरच्या संयंत्रांत तीस अंशांच्या आसपासच्या पाण्यातही ती चालताना दिसली, तेव्हा ते मत मागे पडलं. चालते, पण काळजी घेतली तर. गरम दिवसांत गाळाचं वय कमी ठेवावं, म्हणजे गाळ जास्त काढावा. पीएच सातच्या खाली घसरू देऊ नये, सव्वासातच्या वर असलेला बरा. प्रतिस्पर्धी कमी पीएचला खूश असतात. डीओ गरजेपुरता ठेवावा. अन्नात फक्त अ‍ॅसिटिक नव्हे, प्रोपिऑनिक आम्लही असेल तर फॉस्फरसवाल्यांचं पारडं जड राहतं, आणि आंबवलेल्या गाळातून दोन्ही मिळतात.

गाळ निघाला नाही तर फॉस्फरसही निघाला नाही

पाणी सुधारलं म्हणून सगळे खूश असतात आणि गाळाकडे कुणी बघत नाही. या पद्धतीत ते चालत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये वाळवणीचे वाफे ओले राहतात, गाळ वाळत नाही, जागा रिकामी होत नाही. मग गाळ काढणं आठवडाभर लांबतं. टाकीत एमएलएसएस (तरंगत्या गाळाचं प्रमाण) चढतो, क्लॅरिफायरमध्ये गाळाचा थर जाड होतो. त्या थरात ऑक्सिजन संपला की जिवाणू पोटातला फॉस्फेट पाण्यात सोडू लागतात, आणि तो थेट बाहेर जाणाऱ्या पाण्यात मिसळतो. घट्ट करायच्या टाकीत गाळ दोन-तीन दिवस पडून राहिला तरी हेच होतं. वरचं पाणी किंवा सेंट्रीफ्यूजचं निचऱ्याचं पाणी संयंत्राच्या सुरुवातीला परत येतं तेव्हा त्यात फॉस्फरस येणाऱ्या सांडपाण्याच्या कित्येक पट असू शकतो. जिथे गाळापासून बायोगॅस करतात तिथे तर तो हमखास सुटतो. मॅग्नेशियम आणि अमोनियाबरोबर मिळून पाइपांत पांढरे टणक खडे धरतात, त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. पाइप चोंदेपर्यंत ते कळत नाहीत.

माझं ठाम मत आहे की खान्देशातल्या संयंत्रांवर जास्तीचा एखादा रुपया खर्च करायचा असेल तर तो आधी पावसाळ्यात गाळ वाळवण्याच्या सोयीवर करावा: वाफ्यांवर छप्पर, नाहीतर चालू स्थितीतलं सेंट्रीफ्यूज आणि त्याचे सुटे भाग.

गाळाचे कणही मोजावे लागतात. गाळात चार टक्के फॉस्फरस असेल आणि बाहेरच्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम कण तरंगत असतील, तर ०.८ मिलिग्रॅम फॉस्फरस कणांतूनच गेला. विरघळलेला कितीही कमी असला तरी १ ची मर्यादा जवळजवळ संपली. कण १० वर आणले तर मगच हातात काही शिल्लक राहते.

निघालेल्या गाळाची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. डीएपीच्या पोत्यातला फॉस्फरस बहुतांश परदेशातून येतो, मोरोक्को-जॉर्डनसारख्या देशांतला खडक नाहीतर त्यापासून केलेलं आम्ल म्हणून. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्यातला बराच अडकून राहतो, काही पिकातून ताटात आणि ताटातून गटारीत. जिवाणूंनी साठवलेला फॉस्फरस पिकाला तुरटी किंवा लोहक्षारानं बांधलेल्यापेक्षा सहसा सहज मिळतो. पण कच्चा गाळ केळीत किंवा भाजीत टाकू नये. त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात, कारखान्यांचं पाणी मिसळत असेल तर जड धातूही. नीट कुजवून, वाळवून, तपासूनच तो शेतात जावा.

फॉस्फेट बांधून घेणारं रसायन, तुरटी किंवा फेरिक क्लोराइड, मात्र हाताशी असू द्यावं. पावसाळ्यातल्या पातळ पाण्यात जिवाणू एकटे पुरे पडत नाहीत. ते क्लॅरिफायरच्या तोंडाशी, शेवटी, आणि थोडंच टाकावं. भीतीपोटी सुरुवातीलाच भरपूर टाकलं तर जिवाणूंना साठवायला फॉस्फेट उरत नाही आणि महिनाभरात त्यांची संख्या ओसरते. शिवाय रसायनाचा गाळ वेगळा वाढतो.

चार नमुने

हे सगळं चालतंय की नाही हे फक्त बाहेरच्या पाण्याच्या महिन्याकाठच्या रिपोर्टवरून कळत नाही. तोवर बिघाड होऊन आठवडे गेलेले असतात. चार ठिकाणचे नमुने हवेत: आत येणारं पाणी, हवेविना टाकीचा शेवट, हवेच्या टाकीचा शेवट आणि बाहेर जाणारं पाणी. नमुना घेतल्या घेतल्या गाळून घ्यावा, नाहीतर बाटलीतच जिवाणू फॉस्फेट सोडतात आणि आकडा खोटा येतो. मॉलिब्डेटची निळा रंग देणारी चाचणी साध्या किटवर होते. सोबत दुसऱ्या नमुन्यात नायट्रेटही बघावं.

आत ६, मग २५, मग अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली, बाहेरही तेवढंच: काही बदलू नका. आत ६, दुसऱ्या ठिकाणी ७-८ म्हणजे सुटकाच होत नाही. नायट्रेट दिसलं तर परतीचा पंप आणि डीओ तपासा. नायट्रेट नसेल तर अन्न कमी आहे किंवा प्रतिस्पर्धी माजलेत. गाळाचा नमुना डब्यात घेऊन त्यात थोडं सोडियम अ‍ॅसिटेट घालून दोन तास हवेविना ठेवा: फॉस्फेट चढला तर जिवाणू आहेत, अन्न नव्हतं. चढला नाही तर जिवाणूच उरले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी २५ पण तिसऱ्या ठिकाणी ३ राहत असेल तर हवा अपुरी आहे किंवा गाळ काढणं मागे पडलंय. तिसरं ठीक आणि चौथं वाढलेलं असेल तर दोष क्लॅरिफायरमध्ये आहे, तळाचा थर काठी घालून मोजा. आणि अधूनमधून हे नमुने पहाटेही घ्या. त्या वेळी भार सर्वात कमी असतो, ब्लोअर मात्र दिवसाच्या वेगानं चालू असतात, आणि दुपारच्या नमुन्यात यातलं काही दिसत नाही.